व्हॉलीबॉलची सर्व्हिस कशी शिकायची: अगदी नवीन लोकांसाठी, पहिल्या टॉसपासून

व्हॉलीबॉलमध्ये बाकी सगळं दुसऱ्याच्या भरवशावर चालतं, पास नीट आला तर लिफ्ट (स्मॅशसाठी बॉल उंच करून देणं) नीट होणार, लिफ्ट नीट झाली तर स्मॅश बसणार. एक सर्व्हिसच अशी की बॉल तुमच्या हातात असतो, समोरून कोणी काही मारत नसतं आणि मध्ये कोणी येत नसतं. तरी नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच गडबडतो कारण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात आणि बॉल नेटमध्ये गेला की पॉइंट थेट समोरच्यांना.

मी शिकत होतो तेव्हा आजूबाजूचा प्रत्येक जण एकच सांगायचा, "जोरात मार". या सल्ल्याने फक्त खांदा दुखतो. जोर बऱ्यापैकी सगळ्यांकडे असतो हो, नऊ मीटरवरून बॉल नेटपलीकडे न्यायला पैलवान असायची गरज नाही. नवीन लोकांच्या बिघडलेल्या सर्व्हिसपैकी बहुतेक टॉसमध्येच, म्हणजे मारण्याआधी बॉल वर सोडतानाच, बिघडलेल्या असतात, हात बिचारा नंतर कसंबसं सावरायचा प्रयत्न करत असतो. म्हणून या लेखात टॉसबद्दल जरा जास्तच बडबड आहे, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट करून वाचायचं.

काय काय लागेल

- एक बरा व्हॉलीबॉल. नियमाप्रमाणे घेर ६५ ते ६७ सेंटीमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम. प्लास्टिकचा हलका बॉल किंवा फुटबॉल घेऊन सर्व्हिस शिकू नका, हाताला चुकीचा अंदाज बसतो.
- हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पंप. व्हॉलीबॉलमध्ये हवा साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय एवढीच लागते, फुटबॉलपेक्षा बरीच कमी. लोक दगडासारखा टणक करून ठेवतात आणि मग नवीन पोरं दुसऱ्या दिवशी मनगट धरून बसतात.
- नेट असेल तर उत्तमच. नसेल तर एक मोकळी भिंत आणि खडू.
- पकड असलेले बूट आणि रेकॉर्डिंगसाठी मोबाईल.

नीपॅडची सर्व्हिसपुरती काही गरज नाही.

१. आधी कोर्ट आणि नियम समजून घ्या

कोर्ट १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, मधोमध नेट. म्हणजे तुम्ही शेवटच्या रेषेमागे उभे राहिलात की नेट तुमच्यापासून ९ मीटरवर आणि समोरच्यांची शेवटची रेषा १८ मीटरवर. नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, बायकांसाठी २.२४ मीटर. लहान मुलांसाठी नेट खाली घेतात आणि घ्यावंच, दहा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या नेटवर सर्व्हिस शिकवण्यात काही अर्थ नाही.

सर्व्हिस शेवटच्या रेषेमागून करायची, पूर्ण ९ मीटर रुंदीत कुठूनही. उजव्या कोपऱ्यातूनच केली पाहिजे असं अजूनही काही जण सांगतात, तो जुना नियम झाला. ज्यात नवीन लोक अडकतात ते नियम हे:

- रेषा ही कोर्टाचा भाग. बॉल मारताना पायाचा अंगठा नुसता रेषेवर असला तरी फूट फॉल्ट. जंप सर्व्हिस (उडी घेऊन मारायची) करताना उडी रेषेच्या मागून घेतली की झालं, बॉल मारून कोर्टात उतरलात तरी चालतं.
- बॉल आधी हातातून सुटला पाहिजे, मग मारायचा. तळहातावर ठेवलेल्या बॉलला तसाच ठोसा दिला तर तो फॉल्ट आहे.
- रेफरीच्या शिट्टीनंतर ८ सेकंद मिळतात. शिट्टीआधी मारलात तर ती सर्व्हिस रद्द होऊन पुन्हा करायला मिळते.
- टॉस एकदाच. टॉस वाकडा गेला म्हणून बॉल खाली पडू दिला तर सर्व्हिस गेली. काही शालेय स्पर्धांमध्ये यात सवलत असते, मॅचआधी विचारून घ्या. टॉसच्या आधी बॉल जमिनीवर आपटणं, हातात फिरवणं हे मात्र बिनधास्त चालतं.
- बॉल नेटला घासून पलीकडे पडला तर खेळ चालू. पूर्वी अशी सर्व्हिस वाया जायची त्यामुळे जुने खेळाडू अजूनही ओरडतात, त्यांच्याकडे लक्ष न देता खेळत राहा.
- पलीकडच्या रेषेला बॉलचा काठ लागला तरी बॉल आत.

आणि सर्व्हिसचा नंबर लक्षात ठेवा. समोरच्यांकडून सर्व्हिस तुमच्याकडे आली की सगळे घड्याळाच्या दिशेने एक जागा सरकतात आणि मागच्या उजव्या जागेवर आलेला माणूस सर्व्हिस करतो. चुकीच्या माणसाने केली तर पॉइंट जातो, बॉल कितीही भारी पडला तरी.

२. अंडरहँड सर्व्हिस शिका, लाजू नका

मोठ्या माणसांना अंडरहँड म्हणजे लहान मुलांचं काम वाटतं आणि ते पहिल्या दिवसापासून डोक्यावरून मारायला जातात. माझं म्हणणं, दोन-चार दिवस अंडरहँडला द्याच. निदान मॅचमध्ये उभं राहायची वेळ आली तर बॉल पलीकडे टाकायचा एक खात्रीचा उपाय हातात राहतो.

डावा पाय पुढे, गुडघे जरा सैल. बॉल डाव्या तळहातावर, कमरेच्या उंचीला, उजव्या मांडीच्या समोर. उजवा हात सरळ मागे न्या आणि झोपाळ्यासारखा पुढे आणा. बॉलला हात लागायच्या जरासं आधी डावा हात खालून काढून घ्या, बॉल उंच उडवायची गरज नाही, फक्त सुटला पाहिजे. मनगटाजवळचा तळहाताचा जाड भाग बॉलच्या मध्याच्या थोडं खाली लागला पाहिजे. मूठ वळून मारणारे पण असतात, पण मुठीची हाडं वर-खाली असतात त्यामुळे बॉल कुठेही जातो.

वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर यायला हवं. मारून झाल्यावर मागचा पाय आपोआप एक पाऊल पुढे आला तर समजा जमलं.

३. टॉस

आता मुख्य गोष्ट. डोक्यावरून मारायच्या सर्व्हिसमध्ये तुमचा हात दर वेळी साधारण त्याच रस्त्याने फिरतो. बॉल त्या रस्त्यात असला तर फटका नीट बसतो, नसला तर शरीर वाकवून बॉल गाठावा लागतो, आणि टॉस दर वेळी नवीन जागी जात असेल तर तुम्ही दर वेळी नवीनच सर्व्हिस मारताय. मग एक नेटमध्ये, एक बाहेर, एक चुकून भारी, असं चालू राहतं आणि माणूस म्हणतो आज हात चालत नाहीये.

बॉल डाव्या हातावर घ्या, हात पुढे, साधारण खांद्याच्या उंचीला आणि *उजव्या* खांद्याच्या समोर. डावा हात म्हणून बॉल डावीकडे धरायची सवय असते, ती मोडा. आता मनगट आणि बोटं न हलवता पूर्ण हात खांद्यापासून वर उचला आणि बॉल सोडून द्या. फेकायचं नाही, उचलून सोडायचं. उंची फार नको, सरळ वर केलेल्या उजव्या हाताच्या वीतभर वर गेला तरी पुरे. उंच टॉस केला की बॉल खाली येईपर्यंत वाट बघावी लागते, वाऱ्याने सरकतो, खाली येताना वेग घेतो आणि टायमिंगची वाट लागते.

टॉस बरोबर आहे का ते तपासायचे दोन सोपे उपाय आहेत.

पहिला म्हणजे मारूच नका. टॉस करा आणि बॉल खाली पडू द्या. तो डाव्या पायाच्या बोटांच्या फूटभर पुढे आणि उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. खडूने तिथे ताटलीएवढा गोल काढा आणि टॉस त्या गोलात पाडत बसा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे घरात, गच्चीत, बोळात कुठेही होतं, नेट लागत नाही, जोडीदार लागत नाही. सलग दहा टॉस गोलात पडायला लागले की मग मारायला जा.

दुसरा, बॉलवरच्या कंपनीच्या नावाकडे किंवा हवा भरायच्या व्हॉल्व्हकडे बघा. नाव स्वतःकडे करून टॉस करा. बॉल वर जाऊन खाली येईपर्यंत नाव वाचता येत असेल तर बॉल फिरला नाही, म्हणजे टॉस स्वच्छ आहे. नाव गरकन फिरून गायब झालं तर बॉल सोडताना तुमची बोटं वळतायत. फ्लोट सर्व्हिससाठी, म्हणजे बॉल न फिरवता मारायच्या सर्व्हिससाठी, न फिरणारा टॉस फार गरजेचा आहे, आणि एका हाताने काही केल्या जमत नसेल तर सुरुवातीला दोन्ही हातांनी टॉस करा, नियमात चालतं.

४. उभं राहणं आणि हात मागे घेणं

डावा पाय पुढे, त्याची बोटं जिथे बॉल पाठवायचाय तिकडे. उजवा पाय मागे, थोडा आडवा. रेषेला चिकटून उभे राहू नका, एक पाऊल पुढे टाकायचंय त्यामुळे रेषेपासून दीड-दोन पावलं मागे राहा. फूट फॉल्टची निम्मी भानगड तिथेच संपते.

टॉस वर जात असतानाच उजवा हात मागे गेला पाहिजे, धनुष्य ताणल्यासारखा, कोपर खांद्याच्या उंचीला किंवा जरा वर, तळहात कानाच्या मागे. इथे बहुतेकांचं कोपर खाली पडतं. कोपर पडलं की हात दगड भिरकावल्यासारखा बाजूने येतो, बॉलला आडवी फिरकी लागते आणि खांद्यावर ताण येतो. स्वतःला हे कळत नाही, वाटतं की कोपर वरच आहे. म्हणून मोबाईल बाजूला ठेवून रेकॉर्ड करा आणि स्लो करून बघा.

क्रम असा: टॉस, डाव्या पायाचं छोटं पाऊल, फटका. पाऊल पडतं तेव्हा वजन पुढे येतं आणि जोर तिथून येतो. बरेच जण टॉसच्या आधीच पाऊल टाकून मोकळे होतात आणि मग नुसत्या हाताने मारत बसतात.

५. फटका

बॉल डोक्यावर नको, डोक्याच्या आणि खांद्याच्या थोडा पुढे हवा, आणि हात जवळपास पूर्ण सरळ असताना लागला पाहिजे. बोटं उघडी, कडक, मनगट घट्ट. बॉलच्या मध्यावर किंवा केसभर खाली तळहाताचा मनगटाजवळचा भाग लागू द्या. आणि फ्लोट सर्व्हिससाठी सगळ्यात महत्त्वाचं, हात तिथेच थांबवा. बॉलला टोला दिल्यावर हात खाली मांडीपर्यंत ओढून आणू नका, समोरच्या भिंतीला तळहात दाखवून थांबल्यासारखं करा.

नीट बसला की नाही हे आवाजावरून कळतं. चांगल्या फटक्याचा आवाज जाड आणि छोटा येतो, 'ठप'. बोटांनी थापड बसली तर 'चटाक' असा पातळ आवाज येतो. अजून एक, पंधरा-वीस सर्व्हिस मारून झाल्या की तळहात बघा. मनगटाजवळचा भाग लाल असेल तर ठीक, बोटांची टोकं लाल आणि चुरचुरत असतील तर बॉल पुढच्या भागावर लागतोय, म्हणजे एक तर टॉस लांब जातोय नाहीतर मनगट सैल आहे.

फ्लोटचा फायदा काय? बॉल फिरत नसला की त्याच्या शिवणी आणि पॅनल्सवरून वाहणारी हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही, त्यामुळे बॉल हवेत डुलतो, मध्येच सरकतो किंवा अचानक खाली बसतो. कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं, मग घेणाऱ्याचं काय होत असेल बघा. म्हणून हळू दिसणारी फ्लोट पण पास करणाऱ्याच्या हातावरून उडते. नवीन माणसासाठी माझ्या मते हीच सर्व्हिस, जोर कमी लागतो आणि त्रास पुरेपूर देते.

टॉपस्पिन याच्या उलट. त्यात टॉस जरा उंच, हात बॉलच्या मागून वर आणि मग पुढे, मनगट झटक्यात पुढे वाकवायचं आणि हात पूर्ण खाली आणायचा. पुढे फिरणारा बॉल हवेत लवकर खाली वाकतो, त्यामुळे जोरात मारूनही आत राहतो. पण फ्लोट पक्की व्हायच्या आधी याच्या मागे लागलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

६. नेटच्या जवळून सुरू करा, मग मागे या

नवीन माणसाला थेट शेवटच्या रेषेवर उभं करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. लांबून बॉल पोचत नाही म्हणून तो जोर लावतो, जोर लावला की कोपर पडतं, टॉस बिघडतो आणि तीच सवय लागते जी मोडायला मग महिने जातात.

नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेवर उभे राहा आणि तिथून आरामात पलीकडे टाका. दहापैकी सात-आठ जायला लागल्या की दोन पावलं मागे. मग सहा मीटर, मग शेवटची रेषा. मागे जाताना हाताचा जोर वाढवू नका, पाऊल आणि शरीराचं वजन जास्त वापरा, टॉस तोच ठेवा. मागे गेल्यावर अचानक सगळं बिघडलं तर हट्ट न करता पुन्हा एक पाऊल पुढे या, कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

नेट नसेल तर भिंतीवर २.४३ किंवा २.२४ मीटरवर खडूने रेघ मारा, सहा-सात मीटरवर उभे राहा आणि रेघेच्या वर पण मीटरभराच्या आत बॉल मारा. फार वर लागला तर तो कोर्टावर बाहेर जाणारा बॉल आहे हे समजून घ्या. भिंतीचा एक फायदा असा की बॉल परत येतो, पळावं लागत नाही.

७. बॉल कुठे गेला त्यावरून चूक शोधा

नेटमध्ये जात असेल: टॉस फार पुढे किंवा फार खाली राहतोय. कोपर पडत असेल तरी हेच होतं.

उंच जाऊन बाहेर किंवा छपराला: टॉस डोक्याच्या मागे जातोय, त्यामुळे हात बॉलच्या खाली लागतो.

डावीकडे जात असेल: टॉस डोक्यावरून डावीकडे जातोय आणि हात अंगासमोरून आडवा फिरतोय.

उजवीकडे: टॉस अंगापासून लांब, किंवा फटक्याच्या वेळी तळहात उजवीकडे वळलेला. डाव्या पायाची बोटं कुठे बघतायत तेही तपासा.

पोचतच नाही: पाऊल पडत नाहीये, नुसता हात चाललाय. किंवा बॉलमध्ये हवा कमी आहे, हे पण बघा, उगाच स्वतःला दोष देऊ नका.

एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा. कोपर, टॉस, पाऊल, मनगट असं सगळं एकदम डोक्यात घेतलं की माणूस लाकडासारखा होतो. आणि दोन चुकांमधली निवड असेल तर नेटपेक्षा बाहेर गेलेली बरी, कारण लांब जाणाऱ्या बॉलला समोरचा घाबरून हात लावण्याची शक्यता तरी असते.

८. मॅचमध्ये पहिल्यांदा सर्व्हिसला जाल तेव्हा

१९९० च्या दशकाच्या शेवटी सगळ्या सेटमध्ये रॅली पॉइंट आला, म्हणजे सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला पॉइंट. त्याआधी बहुतेक सेटमध्ये सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची, पॉइंट नाही, त्यामुळे लोक बिनधास्त प्रयोग करायचे. आता प्रत्येक चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्यांना एक पॉइंट फुकट. म्हणून नवीन असताना पहिलं काम बॉल आत टाकणं, बाकीचं नंतर.

आठ सेकंद पुष्कळ असतात. शिट्टी झाली की एक श्वास घ्या, बॉल दोनदा आपटा, कुठे टाकायचाय ते ठरवा, मग टॉस. दर वेळी हाच क्रम ठेवा. नवीन लोक शिट्टीबरोबर दचकून बॉल उडवतात.

टाकायचा कुठे? आपला बॉल हवा तिथे पडायला लागला की खोल टाका, शेवटच्या रेषेच्या आतल्या दीड-दोन मीटरमध्ये. तिथून पास लिफ्टरपर्यंत न्यायला त्रास होतो. दुसरी चांगली जागा म्हणजे दोन खेळाडूंच्या मधली, दोघे एकमेकांकडे बघत राहतात आणि बॉल मध्ये पडतो. नुकताच ज्याचा पास चुकलाय त्याच्यावर परत टाकणं जरा निर्दयीपणाचं वाटतं, पण सगळे तेच करतात. आणि टाइमआऊटनंतरची किंवा आपल्याच टीमची आधीची सर्व्हिस चुकली असेल तर पुढची सर्व्हिस चुकवू नका, तेव्हा साधी आत टाका.

सर्व्हिस मारली की बघत उभे राहू नका, लगेच कोर्टात आपल्या जागेवर पळा. स्वतःच्या सर्व्हिसचं कौतुक बघत राहिलेल्या माणसाच्या जागेवरच पहिला बॉल पडतो.

९. खांदा सांभाळा, आणि जंप सर्व्हिसबद्दल

आल्या आल्या थंड खांद्याने सर्व्हिस मारू नका. थोडं पळा, हात गोल फिरवा, जोडीदाराबरोबर हलके थ्रो करा, मग सुरू करा. सुरुवातीच्या आठवड्यांत एका वेळी तीस-चाळीस जोराच्या सर्व्हिस पुरे, बाकी वेळ टॉस करा. स्नायू जड होणं वेगळं आणि खांद्याच्या आत टोचणं वेगळं, टोचायला लागलं तर त्या दिवशी थांबा आणि दोन-चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा.

जंप सर्व्हिसचे व्हिडिओ बघून सगळ्यांनाच ती मारावीशी वाटते. वरच्या पातळीवर पुरुषांची जंप सर्व्हिस ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाते, दिसायला झकासच असते. पण त्यात टॉस पुढे पळत जाऊन गाठायचा असतो, म्हणजे जमिनीवर उभं राहून ज्याचा टॉस हलतो त्याचा तिथे काय निभाव लागणार. आधी जंप फ्लोट करून बघा: दोन-तीन पावलं, छोटी उडी, टॉस कमी उंचीचा, फटका तोच फ्लोटचा. उभ्याने दहापैकी नऊ आत पडत असतील तर सुरू करायला हरकत नाही. आणि उतरताना दोन्ही पायांवर उतरा, गुडघे वाकवून.